डावरीची खाच

चाकण, जि. पुणे
२० फेब्रुवारी २०२५

भगवानदादास बिजलीचा रामराम.

तू फोन करतोस, देवीलाल तो माझ्या कानाला लावतो आणि मला नुसता भुंगा ऐकू येतो. मग मी आपली "हो, हो" म्हणत बसते. मागच्या वेळी कशाला हो म्हटलं देव जाणे, देवीलाल नि सून पोट धरून हसले. म्हणून आता पत्रच लिहीत जाऊ. मी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली, तू सायकलच्या दुकानात पंक्चर काढता काढता पेपर वाचून शिकलेला. एकमेकांचं अक्षर लागतं, तेवढं पुरे.

कामाचं लिहिते. तांड्यावरून माझा भाचा लखन आला होता. तो म्हणाला, ढाणकीत बाजारगल्लीचा रस्ता रुंद करून सिमेंटचा करणार आहेत, तुझ्या दुकानाच्या कोपऱ्यावरचं सगळं काढणार आहेत. दादा, तिथला तो काळा दगड?

लखनला विचारलं तर म्हणतो, "कोणता दगड, आत्या?" त्याला कसा ठाऊक असणार! सोंगणीच्या दिवसांत आमच्या तांड्यातल्या बाया फटफटायच्या आत त्या कोपऱ्यावर येऊन उभ्या राहायच्या. शेतवाले येऊन मजूर घेऊन जायचे. तोवर बाया त्या दगडावर पाणी शिंपडून विळे पाजवायच्या. त्यांच्या सासवांनीही तिथंच पाजवलेले. दगडाला खाचा पडल्या होत्या, बोट बसेल अशा. सगळ्या एका अंगाला कललेल्या, आणि काठावरची एकच उलटी. ती माझ्या याडीची. आईला मी कधी आई म्हटलंच नाही, याडीच म्हटलं. माझी याडी रामीबाई डावखुरी होती. बाया चिडवायच्या, "ए डावरे, तुझा विळा मालकाचं वावर उलटं कापते!" ती हसायची आणि पाजवत राहायची. मी पाण्याची वाटी धरून समोर बसलेली.

तिचं दुसरं काही उरलं नाही. चांदी आम्हाला वाढवण्यात गेली, कशिद्याचे कपडे तांड्याला आग लागली त्यात गेले. माझी नात प्रेरणा कॉलेजात जाते. ती विचारते, "आजी, तुझी आई कशी होती?" मी सांगते, अशी होती, तशी होती, पण सांगणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. मला तिचा हात धरून त्या खाचेत ठेवायचा आहे. मग माझं काही मागणं नाही.

तू मानलेला भाऊ, तुला राखी बांधत आले, कधी काही मागितलं नाही. हे मागते. तो दगड राख.

तुझी बहीण
बिजली

*

ढाणकी, ता. उमरखेड
४ मार्च २०२५

बिजलीबाईस भगवानचा नमस्कार.

पत्र पोचलं. हंसाला वाचून दाखवलं. ती म्हणे, "बहिणीनं दगड मागितला तं एवढा विचार काहून करता? सोनं मागितलं असतं तं काय केलं असतं?" तिच्या तोंडाला कोण लागणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दगडाजवळ गेलो. खरं सांगतो, मी रोज त्याच्यावर पाय ठेवून चप्पल झटकतो, पण नीट पाहिला नव्हता. अर्धा मातीत गेला आहे. हातानं माती खरवडली, पाणी टाकलं, तर खाचा वर आल्या. काठावरची उलटी पण आहे. बोट घालून पाहिलं. आत काचेसारखी गुळगुळीत आहे.

मग गल्लीत फिरत राहिलो. आपलं गाव पाहायला मला तुझं पत्र लागलं, म्हण. जुन्या अडतीच्या भिंतीत तुमच्या लोकांचे माल वाहणारे लदणीचे बैल बांधायची कडी अजून आहे. तिला आता एकानं वायरचं भेंडोळं अडकवलं आहे. टॉकीजचं तिकीट विकायची खिडकी होती ना, ती विटांनी बुजवली, पण तिची खालची कड, लोकांच्या कोपरांनी झिजलेली, तशीच आहे. या सगळ्यावर लाल रंगाची फुली मारली आहे. दगडावर फुली पण नाही. तो कोणाच्या मोजण्यातच नाही.

कामावरच्या साहेबाला भेटलो. पोरगा भला आहे, खुर्ची दिली. म्हणे, "काका, याची कुठं नोंद आहे का? शिलालेख, मूर्ती, असं काही?"

मी म्हटलं, "बायांच्या हातानं झिजला आहे."

"मग तो दगडच झाला ना, काका."

मी उठून आलो. उचलून घरी आणावा म्हटलं, तर चार माणसांनी पहार घालून पाहिली, हलला नाही. जमिनीत किती खोल आहे कोण जाणे. पण तू काळजी करू नको. काही ना काही करतोच.

तुझा
भगवान

*

ढाणकी
२४ मार्च २०२५

बिजलीबाईस,

घाईत लिहितो. दगड वाचला. शनिवारी रस्ता खोदायची मशीन कोपऱ्यावर आली होती, ती परत गेली. आता त्याला कोणी हात लावत नाही. कसा वाचला ते भेटीत सांगीन, विचारू नको. रस्ता त्याला वळसा घालून जाणार आहे, एवढं समज.

हंसा म्हणते, मी सकाळपासून एकटाच हसून राह्यलो.

भगवान

*

चाकण
१० एप्रिल २०२५

दादा,

तुझं पत्र मी देवाजवळ ठेवलं. रस्ता वळसा घालून जाणार! याडीला मालकाच्या ओट्यावर कधी कोणी बस म्हटलं नाही, आणि तिच्यासाठी आज सरकारचा रस्ता वाकडा झाला. मी सुनेला सांगितलं, तिनं शेजारणीला सांगितलं. शेजारीण विचारते, "तुमचे भाऊ मोठे अधिकारी आहेत का?" मी म्हटलं, अधिकारी नाही, सायकलवाला आहे, पण बोलला म्हणजे लोक ऐकतात.

दिवाळीनंतर प्रेरणाला सुट्टी आहे. तिला घेऊन येते. तोवर एक कर. अधूनमधून दगडावर थोडं पाणी टाक. खाचेत माती बसू देऊ नको.

बिजली

*

ढाणकी
१८ ऑगस्ट २०२५

बिजलीबाईस नमस्कार.

राखी पोचली, हंसानं तुझ्या नावानं बांधली. तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. तू म्हणशील, दादा आळशी झाला. आळशी नाही झालो. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

दगड कसा वाचला ते सांगून टाकतो. त्या शनिवारी मी मशीनच्या आधी उठलो, तेलात शेंदूर कालवला आणि दगडाला फासला. रुईच्या पानांची माळ घातली, नारळ फोडला. मशीनवाला बिहारकडचा पोरगा. उतरला आणि म्हणे, "बाबा, ये कल तो नहीं था?"

मी म्हटलं, "कल भी थे. सपने में आए, बोले, मुझे बाहर निकाल."

बाई, माझ्या तोंडून निघून गेलं. त्यानं चप्पल काढली, मशीनला हात जोडायला लावल्यासारखं तिचं फावडं खाली टेकवलं आणि म्हणे, "हमसे नहीं होगा." साहेब आले, मुकादम आला. तोवर बाया ताट घेऊन आल्या. कोणी म्हणे, मशीन आपोआप बंद पडली. कोणी म्हणे, दगडातून हुंकार आला. मी तिथंच उभा होतो, मला तर डिझेलचाच आवाज आला. तीन आठवड्यांत हनुमान जयंती आली, मग विचारू नको. लोकांनी नाव ठेवलं, अडव्या मारुती. मशीन अडवली म्हणून.

हंसा मला म्हणते, "तुमच्या सपनात देव येते, अन् दूध उतू चाललं ते कोणी येऊन सांगत नाही!"

आता तिथं बांधकाम चालू आहे, सगळीकडे चिखल, एसटी बाहेरच थांबते. तुझे गुडघे दुखतात. मला वाटते, यंदा येऊ नको. पुढं पाहू.

भगवान

*

चाकण
३ सप्टेंबर २०२५

दादा,

पत्र वाचून मी एवढी हसले की सून धावत आली. शेंदूर! तुझ्या डोक्यातून असलंच निघणार. लहानपणी चार दिवस शाळेत गेलास तेव्हा मास्तरची छडी तू अशीच देवाच्या नावानं तुळशीत पुरली होतीस.

पण शेवटचं वाचून मला भीती वाटली. तू आणि "येऊ नको" म्हणतोस? तुझी तब्येत बरी नाही, हे मी ओळखलं. लपवू नको. हंसावहिनीला लिहायला येत असतं तर तिनं कळवलं असतं. आता मी दिवाळीनंतर येणारच, चिखल असो की काही असो.

शेंदराचं मनावर घेऊ नको. तेल लावून बोटानं पुसलं की खाच दिसेल. बायांनी मारुतीला शिवू नये, हे मला ठाऊक आहे. पण मी मारुतीला कुठं शिवते? मी याडीला शिवते. तो ब्रह्मचारी आहे, समजून घेईल.

बिजली

*

चाकण
२० नोव्हेंबर २०२५

दादा,

आम्ही सुखरूप पोचलो. हंसावहिनीला सांग, पाटवड्यांचा रस्सा प्रेरणाला फार आवडला.

तू ठणठणीत आहेस, बरं वाटलं. त्याच्यानंतर मला काही बरं वाटलं नाही.

तिथं मी काही बोलले नाही, कारण मोठ्यानं बोलल्याशिवाय मला ऐकू येत नाही आणि ते मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं. दोन दिवस तू मला गावभर फिरवलंस. नवा बसथांबा दाखवलास, दवाखाना दाखवलास. देवळात नेलंस आणि आरती सुरू होईपर्यंत तू तिकडे चपला नीट लावत उभा राहिलास. माझ्याकडे पाहिलं नाहीस.

पांढऱ्या फरश्या, पितळी जाळी, वर पत्र्याचा मंडप. आणि आत त्याला डोळे आहेत, दादा. नाक आहे. खांद्यावर गदा आहे. शेंदरानं गदा होत नसते. मी विळ्याची पोर आहे, दगडावर हत्यार चाललेलं मला कळतं. जिथं खाचा होत्या तिथं छाती काढली आहे.

दाराशी संगमरवराची पाटी आहे. प्रेरणानं वाचली. अध्यक्ष, भगवानराव. आणि खाली "यांना दृष्टांत झाला". एक पोरगी तुझ्या पाया पडली, तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास. तो हात तू अगदी सवयीनं ठेवलास.

मी तुला दगड राखायला सांगितला होता. तू देव राखलास. माझा दगड कधी गेला, कोणाच्या पुढं गेला, तेवढं मला लिहून कळव. खोटं लिहिणार असशील तर लिहू नको.

बिजली

*

ढाणकी
८ डिसेंबर २०२५

बिजलीबाईस,

तुझं पत्र हंसाला वाचून दाखवलं नाही. तिनं स्वतःच विचारलं, "बहीण रागावली ना?" मी मान हलवली. ती म्हणे, "रागावणारच. मी बायको असून वर्षभर रागावून राह्यली, तुमाले दिसलं तरी का?"

जे विचारलंस ते लिहितो. आषाढात देवळाच्या कमिटीची बैठक झाली. कोणी म्हणे, देवाला रूप पाहिजे, नुसत्या गोट्याला बाहेरगावचे लोक हसतात. पाथरवट आणायचं ठरलं. माझ्याकडे पाहून विचारलं, "अध्यक्ष, तुमचं काय म्हणणं?" बाई, माझं एक वाक्य पुरलं असतं. "स्वयंभू देव आहे, त्याले हत्यार लावू नका," एवढं म्हटलं असतं तर कोणाची हिंमत नव्हती. वाक्य जिभेवर होतं. पण त्या दिवशी त्यांनी मला फेटा बांधला होता. सगळा जन्म मी लोकांच्या सायकलींपुढं वाकून बसलो. खालून लोकांचे गुडघेच पाहिले. आता लोक माझ्यापुढं वाकत होते. मी म्हटलं, "करा."

पाथरवट काम करत होता तेव्हा मी उमरखेडला गेलो, काही काम नसताना. संध्याकाळी आलो तर कपच्या नालीत टाकून झाल्या होत्या.

तुझं पत्र आल्यावर ठरवलं की सांगून टाकायचं. परवाच्या शनिवारी आरती झाल्यावर मी उभा राहिलो. म्हटलं, "मंडळी, मले कोणताच दृष्टांत झाला नाही. हा तांड्यातल्या बायांचा विळे पाजवायचा दगड होता. शेंदूर मी फासला. मशीन अडवाले फासला."

 मला वाटलं, आता मारतात. तर सचिव उठला, हात जोडले आणि म्हणाला, "पाहा मंडळी, अध्यक्षांच्या ठिकाणी केवढा नम्रपणा! शेंदूर तुमचा, भगवानराव, पण हात कोणाचा होता?" आणि सगळ्यांनी जयजयकार केला.

मी म्हटलं, खरंच सांगून राह्यलो बाप्पा! मग तुमच्या तांड्यातली बाबूसिंगची म्हातारी पुढं आली. मला आशा वाटली. ती म्हणे, "खरं हाये त्याइचं. मी बी तेथं विळा पाजवला हाये, आमची डावरी रामी बी पाजवत होती." मी लोकांकडे पाहिलं. आणि म्हातारीनं जाळीला डोकं टेकवलं. "म्हणूनच तं त्यानं आमच्या हाताले कधी विळा लागू देला नाही!"

 माझं खोटं त्यांनी एका सकाळी मानलं. खरं मानायला कोणी तयार नाही. मी राजीनामा लिहून ठेवला आहे. उद्या देतो. तुझ्या तोंडापुढं उभं राहायला तेवढं तरी पाहिजे.

तुझा भाऊ म्हणवून घेत नाही.
भगवान

*

चाकण
२६ डिसेंबर २०२५

भगवानदादास,

राजीनामा दिला नसशील तर देऊ नको. दिला असशील तर परत माग, ते देतील. तू उठलास तर तुझ्या जागी असा कोणी बसेल ज्यानं याडीला पाहिलं नाही, खाचेत बोट घातलं नाही. तिथं बसणाऱ्यांत एकाला तरी ठाऊक असू दे, तो काय होता ते. तुझी शिक्षा तीच. दर शनिवारी फेटा बांधून बस आणि आठव.

राग गेला असं म्हणत नाही. भाकरीच्या तव्यासारखा आहे, चुलीवरून उतरवला तरी हात लावू देत नाही. पण दोन रात्री तुझं पत्र उशाशी होतं. तू ते लिहिलंस, हे काही थोडं नाही. आता माझंही एक ऐक. ते मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी तू चपलांपाशी होतास तेव्हा प्रेरणानं विचारलं, "आजी, यातली तिची खाच कोणती?" वाटभर मी तिला दुसरं काही बोललेच नव्हते ना. चाकणपासून ती तिच्या पणजीचीच गोष्ट ऐकत आली होती. गाडीतल्या जागरणानं नि दोन दिवसांच्या फिरण्यानं तिचे डोळे लाल झाले होते, तरी ती त्या दगडाकडे अशी बघत होती की आता कोणी तरी दार उघडून बाहेर येणार आहे.

गदेच्या खाली, एका बाजूला, पाथरवटाच्या छिन्नीचा एक घाव राहून गेला आहे. तिरपा. मी म्हटलं, "ही."

तिनं जाळीतून हात घातला आणि त्याच्यात बोट ठेवलं. एक बाई खेकसली असणार, मला तिचं फक्त तोंड हललेलं दिसलं. पोरीनं हात काढला नाही. डोळे मिटून उभी राहिली. मग माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्यानं म्हणाली, "आजी, किती जोर लावत असेल गं ती!"

मी म्हटलं, हो.

खरं सांगता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण पोर एवढ्या दुरून आली होती.

तुलाही त्या सकाळी मशीनपुढं असंच झालं असेल.

तुझी बहीण
बिजली